उजव्या टोकाची जागा

परगावचा कुणी सान रोकेत आला आणि "हा नोलबेर्तो त्या जुनाट कीबोर्डशी दिवसभर काय खुडबुड करत बसतो?" असं त्यानं विचारलं, की फाउस्तिनोचं उत्तर ठरलेलं असायचं. "आतडं शोधतोय तो. डुकराचं. यंत्रात कुठंतरी हरवलंय म्हणे!"

लोक खो खो हसायचे. नोलबेर्तोही हसल्यासारखं करायचा, कारण फाउस्तिनोच्याच बँडमध्ये लग्नाबारशांना कीबोर्ड बडवून त्याचं घर चालायचं. मालकाच्या विनोदाला हसावं लागतं, ही रीत वेवेतेनांगो जिल्ह्याच्या डोंगरातही चुकत नाही. पण आतून त्याचा नुसता जळफळाट व्हायचा. चेष्टा असली तरी गोष्ट खरी होती ना. आतडंच शोधत होता बिचारा.

मरिम्बाचा जीव त्या आतड्यात असतो. वर लाकडी पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली एक लाकडी नळी, नळीच्या बुडाशी भोक. भोकाभोवती रानमाश्यांचं काळं मेण लावायचं आणि त्यावर डुकराच्या आतड्याचा वाळवलेला पापुद्रा चिकटवायचा. पट्टीवर काठी पडली की आधी लाकूड बोलतं, आणि त्याच्या मागोमाग पापुद्रा झणझणतो. ती झणझण नसेल तर मरिम्बा कसली, लाकडाची वखार! एकदा राजधानीतून आलेला एक पाहुणा म्हणाला होता, "वाद्य छान आहे हो तुमचं, पण आतमध्ये काहीतरी फाटलंय, दुरुस्त करून घ्या." नोलबेर्तोच्या बापानं, दोन फिदेन्सिओनं (इथं मोठ्या माणसाला मानानं 'दोन' म्हणतात, बाईला 'दोन्या'), त्या पाहुण्याला कॉफीसुद्धा न विचारता वाटेला लावलं होतं.

दोन फिदेन्सिओ तसा कडकच माणूस. त्याच्या घरच्या मरिम्बावर तिघं उभे राहायचे. डाव्या टोकाला, जाड आवाजाच्या पट्ट्यांवर, बाप स्वतः. मध्ये नोलबेर्तो. उजव्या टोकाला, बारीक आवाजाच्या पट्ट्यांवर, थोरला बुल्मारो; गाण्याची चाल त्याच्याकडे. तिघं इतके दाटीवाटीनं उभे राहायचे की बुल्मारोचं कोपर नोलबेर्तोच्या बरगडीत बसल्याशिवाय एक गाणं पुरं व्हायचं नाही. नोलबेर्तो दर खेपेला शिवी हासडायचा, बुल्मारो दर खेपेला हसायचा. आता त्याच कोपरासाठी जीव तुटत होता, पण हे सांगायचं कुणाला? चाळिशी ओलांडलेल्या माणसानं, मला भावाचं कोपर हवंय म्हणून रडायचं?

बुल्मारो उत्तरेला, सरहद्दीपलीकडं गेला. सगळे जातात तसाच गेला, कागदपत्रांशिवाय, वाळवंट तुडवत. आणि सगळे सांगतात तेच सांगून गेला, "दोन वर्षं फक्त. घराला स्लॅब पडला की आलोच." स्लॅब पडला. वरचा मजला चढला, खिडक्यांना निळ्या काचाही लागल्या. बुल्मारो काही आला नाही. तिकडं तो भिंती रंगवायच्या कामाला लागला, लग्न झालं, पोरगी झाली. एकदा इकडं आलं की परत तिकडं शिरणं अवघड, हेही होतंच. रविवारच्या फोनवर तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी, आई. पुढच्या वर्षी नक्की." सुरुवातीला त्याची आई, दोन्या तोमासा, ते ऐकून वरची खोली झाडून काढायची. पुढं पुढं नुसतं "हो रे बाळा" म्हणायला लागली.

तो गेला तेव्हा मरिम्बावर जे कापड पडलं, ते पडलंच. आता कुणी म्हणेल, एक गेला तर दुसरा उभा करा, त्यात काय एवढं? तर सान रोकेत मरिम्बावरची जागा म्हणजे काही बसमधली जागा नव्हे, की एक उठला आणि दुसरा टेकला. माणूस जिवंत असेतो जागा त्याची. त्यानं स्वतःच्या तोंडानं, घरच्या मोठ्या माणसाला साक्षी ठेवून, "माझी जागा दिली" असं म्हटल्याशिवाय तिथं कुणी पाय ठेवायचा नाही. मेला, तर त्याच्या काठ्या त्याच्याबरोबर मातीत जातात, आणि मग घरातलं मोठं माणूस ती जागा दुसऱ्याला देतं. चुलत्यांची पोरं कितीदा तरी येऊन गेली. "काका, आम्ही उभे राहतो की. सणापुरतं तरी." म्हातारा विचारायचा, "बुल्मारो मेलाय का?" पोरं जीभ चावायची. "मग चालते व्हा."

असा हट्टी! शेवटची वर्षं त्यानं त्या झाकलेल्या वाद्याशेजारी खुर्ची टाकून काढली. गुडघ्यावर बोटं वाजवायचा, पण कापड उचलू दिलं नाही. गेला तोही तसाच, मरिम्बा ऐकल्याविना. त्याच्या काठ्या शवपेटीत ठेवताना नोलबेर्तोला रडू आलं नाही, संताप आला. बापाचा आला, बुल्मारोचा आला, की त्या नियमाचा, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

कीबोर्ड बुल्मारोनंच पाठवलेला, बाप असताना. तिकडच्या जुन्या बाजारातला, फ्लॉपी घालायच्या जमान्यातला. "लग्नात वाजव, पोटाला होईल," तो फोनवर म्हणाला होता. "आणि मरिम्बाचा आवाजसुद्धा आहे त्यात, बघ!" नोलबेर्तोनं मोठ्या आशेनं बटण दाबलं. टिंग, टिंग. बाटलीवर चमचा मारावा तसा, गोड, स्वच्छ आणि मेलेला आवाज. अंगणात घेवड्याच्या शेंगा सोलत बसलेली दोन्या तोमासा म्हणाली, "हे दातवाल्याकडं लावतात ना रे, भूल चढेपर्यंत?" बापानं तर मानही वर केली नाही. मग नोलबेर्तोनंही तो नाद सोडला आणि फाउस्तिनोच्या मागं उभा राहून कुंबियाची नाचगाणी वाजवत राहिला.

बापाचं सगळं आटोपल्यावर मात्र त्याच्या डोक्यात एक किडा शिरला. उजव्या टोकाला दुसरा माणूस उभा राहायचा नाही. कबूल. पण यंत्र कुठं उभं राहतं? त्याला पाय आहेत का? बापाच्या वर्षाला अंगणात मरिम्बा वाजली पाहिजे. मधली जागा आपली, ती आपण खऱ्या पट्ट्यांवर वाजवू. बापाचा आणि बुल्मारोचा हात या कीबोर्डमधून काढू. आणि त्याआधी, एखाद्या रविवारी, बुल्मारोला तो फोनवर ऐकवू. खरं तर सगळा खटाटोप या शेवटच्या गोष्टीसाठीच होता. आपलाच हात आपल्याच अंगणात वाजताना ऐकू आला, तर कुठला माणूस परमुलखात भिंती रंगवत बसेल? येईल. न येऊन सांगतो कुणाला!

त्यानं आईला विचारलं. ती म्हणाली, "तातना विचार."

"तात गेले, आई."

"मग मला तरी कशाला विचारतोस? तू करणारच आहेस."

त्या जुन्या कीबोर्डमध्ये खऱ्या वाद्यांचे आवाज भरून ठेवलेले नव्हते. नुसत्या लहरी होत्या. एका लहरीनं दुसरीला हलवायचं; किती जोरानं हलवायचं आणि कधी सोडून द्यायचं ते आकड्यांनी सांगायचं, की तिसराच आवाज जन्माला यायचा. समोर दोन बोटं रुंदीचा पडदा, त्यात एका वेळी एकच आकडा दिसणार. तो जरा इकडचा तिकडं झाला की मरिम्बाऐवजी देवळातली घंटा व्हायची, नाहीतर बेडूक. नोलबेर्तोनं आवाजाचे तुकडे केले. आधी रबराच्या गोळ्याचा लाकडावरचा टक्कन होणारा आघात, पापणी लवायच्या आत संपणारा. मग लाकडाचा सूर, जाड पट्ट्यांवर रेंगाळणारा, बारीक पट्ट्यांवर चटकन मरणारा. एवढं जमलं. डोळे लाल झाले, बायकोनं दोनदा धमकी दिली की तो डबा विहिरीत टाकते, पण जमलं.

झणझण काही जमेना. त्यानं प्रत्येक सुराला एक खरखर जोडून पाहिली. अंगणभर माश्या घोंगावायला लागल्या. फाउस्तिनो नेमका तेव्हाच आलेला. "औषध आणून देऊ का रे, फवारायला?" म्हणून त्यानं जे दात काढले, ते पुढच्या तीन लग्नांपर्यंत पुरवून पुरवून वापरले.

दोन्या तोमासा इतके दिवस गप्प होती. या घरात पापुद्रे तयार करायचे ते तिनंच. नाताळचं डुक्कर कापलं की आतडं धुऊन, खरवडून, काचेवर ताणून वाळवायची, आणि बापलेकांना हातही लावू द्यायची नाही. ती तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाली, "पापुद्रा असा लगेच नाही बोलत रे. आधी लाकडाला बोलू देतो. नव्या सुनेसारखा. आणि हळू मारलंस तर बोलतच नाही."

नोलबेर्तोनं कपाळावर हात मारला. एवढी वर्षं वाजवून हे आपल्या कानाला कळू नये? त्यानं खरखर सुराच्या अगदी किंचित मागं नेली. बोट अलगद पडलं तर ती येणारच नाही, जोरात पडलं तरच उसळेल, असं केलं. आणि पहिल्यांदा त्या डब्यातून काहीतरी ओळखीचं निघालं.

पण मग प्रत्येक पट्टीची झणझण वेगळी. कुठला पापुद्रा ताठ, कुठला सैल, एकाला तर बारीक चीर गेलेली. ती ऐकायला कापड काढणं भाग होतं. त्यानं काढलं. डाव्या टोकाला बाप आता नव्हता, तिथं उभं राहून आईच्या परवानगीनं पट्ट्या वाजवता आल्या. उजव्या टोकाचं काय? तिथं पाय ठेवायचा नाही. मग हा शहाणा आपल्या मधल्या जागेवर दोन पाय रोवून, आडवा वाकून, झाडूच्या दांड्याला काठी बांधून बुल्मारोच्या पट्ट्या एकेक करून वाजवायचा आणि धावत येऊन कीबोर्डमध्ये आकडे बदलायचा. त्या वेळी घरात दुसरं कुणी नसायचं, कुणी पाहिलं नसतं. पण तो तिथं उभा राहिला नाही. बापाचाच मुलगा शेवटी.

आवाज झाला. आता हात हवा होता. बुल्मारोचं वाजवणं एकाच कॅसेटवर होतं, चुलत बहिणीच्या लग्नातलं. ती कॅसेट कधीकाळी फाउस्तिनोनं नेलेली. नोलबेर्तो मागायला गेला तर त्यानं डोकं खाजवलं. "अरे, त्यावर मी कुंबिया भरल्या. वर काही लिहिलेलं नव्हतं, मला वाटलं कोरी आहे." नोलबेर्तोनं त्या दिवशी मालकाला पहिल्यांदा तोंडावर शिवी दिली. फाउस्तिनोनं ती निमूट ऐकून घेतली, आणि त्यानंतर आतड्याचा विनोद पुन्हा केला नाही. तोही मनानं वाईट नव्हता.

मग उरली ती आठवण. आता भावाचं तोंडसुद्धा नीट आठवत नव्हतं. फोटोतलं आणि खरं यांची सरमिसळ झालेली. मग हात कसा आठवायचा? नोलबेर्तो मरिम्बासमोर आपल्या जागेवर उभा राहिला, डोळे मिटले, आणि बापानं बुल्मारोच्या बारशाला रचलेलं गाणं, आपला मधला भाग, वाजवायला लागला. आणि बरगडीला कळलं. खरंच सांगतो, कानाला नाही, बरगडीला. कोपर कुठं बसायचं, ते तिला ठाऊक होतं. कोपर बसलं म्हणजे उजवा हात वरच्या पट्टीवर गेला. जरा थांबून पुन्हा हलकं बसलं म्हणजे डावा मागून आला, नेहमीसारखा उशिरा. कडव्याच्या वळणावर कोपर लवकरच यायचं, कारण तिथं बुल्मारो घाई करायचा, समोर पोरी उभ्या असायच्या ना. बाप तिथं दरवेळी घसा खाकरायचा.

त्यानं बरगडीचं ऐकून कीबोर्डवर बुल्मारोचा भाग वाजवला, फ्लॉपीत भरला, आणि मग एकेक आघात केसभर पुढं, केसभर मागं सरकवत बसला. डाव्या हाताचा जोर कमी केला. लांब सुरावर दोन्ही काठ्या भराभर पडतात, तिथं बुल्मारो आधी आळसावल्यासारखा सुरू करायचा आणि मग अंगात आल्यासारखा चढायचा. तो चढ जमवण्यात एक अख्खा आठवडा गेला. हा गुण की दोष, हे नोलबेर्तोनं ठरवायला घेतलंच नाही. जसा होता तसा हवा होता तो.

एका सकाळी आई चुलीपाशी मक्याचं पीठ थापत होती. नोलबेर्तोनं काही न सांगता कीबोर्ड सुरू केला आणि स्वतः मरिम्बावर मधला भाग धरला. डावीकडून बापाचा जड हात आला. उजवीकडून चाल निघाली. कडव्याचं वळण आलं, आणि दोन्या तोमासा पाठमोरीच ओरडली, "हळू रे बुल्मारो! तात बघतायत!"

ओरडली आणि थबकली. हातातली भाकरी तशीच राहिली. मग तिनं शालीच्या टोकाला तोंड पुसलं आणि म्हणाली, "बंद कर. फारच झालंय ते." नोलबेर्तोनं बंद केलं. दोघांना एकमेकांकडं बघवेना. पण तो आतून इतका खूश होता, की त्याला नाचावंसं वाटत होतं. आईनं ओळखलं, म्हणजे झालंच. आता बुल्मारोनं ऐकायचं तेवढं बाकी.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर फोन वाजला. आईनं तो हातात धरला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. इकडचं तिकडचं झालं, पाऊस, मका, पोरीचे दात. मग नोलबेर्तो म्हणाला, "थांब. एक ऐकवतो. मध्ये बोलू नकोस." बटण दाबून तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत झालं. वाजवताना त्याच्या उजव्या बरगडीत काही बसलं नाही, पण ती उणीव त्याला नेहमीइतकी जाणवली नाही.

मग बुल्मारोचा आवाज आला, एकदम मोकळा, आनंदी. "अरे झकास! कापड काढलंत तर शेवटी! कोण आहे रे उजव्या टोकाला?"

नोलबेर्तो हसला. "ओळख."

"इथून काय ओळखणार? चुलत्यांपैकी नाही, त्यांचे हात म्हणजे कुदळी. चांगला आहे हां पोरगा. डावा हात कच्चा आहे अजून, आणि कडव्याला घाई करतो. तातनी कान उपटला असता त्याचा. पण जीव आहे हातात. कुणाचा पोरगा?"

नोलबेर्तोचं हसू तोंडावरच राहिलं. त्याला वाटलं, हा चेष्टा करतोय. आता म्हणेल, अरे गाढवा, मीच की तो. तो वाट बघत राहिला. बुल्मारो चेष्टा करत नव्हता.

आई हातवारे करत होती, सांग, सांग त्याला. नोलबेर्तो म्हणाला, "तुझ्या ओळखीचा नाही तो आता."

"नसेल. इतकी वर्षं झाली, पोरं मोठी झाली असतील." तिकडं बुल्मारोनं लांब श्वास सोडला. "तुला खरं सांगू, नोल? छातीवर धोंडा होता माझ्या. भिंत रंगवताना रोज मनात यायचं, माझ्यामुळं मरिम्बा मुकी झाली. माझ्यामुळं तात ऐकल्याविना गेले. मी काही येत नाही आणि माझी जागा पण सोडत नाही, असला मी. आज हलकं वाटलं बघ. आई आहे ना तिथं? आई, तू साक्षीला. माझी जागा दिली. त्या पोराला म्हणावं, खुशाल उभा राहा."

"वर्षाला यायचं काही जमत नाही रे," तो पुढं म्हणाला. "पण आता तुमचं अडत तरी नाही. आणि तो माझा कीबोर्ड टाक विकून. खरी मरिम्बा असताना त्या डब्याचं काय काम?" मागून त्याची पोरगी त्याला तिकडच्या भाषेत हाका मारत होती. "बरं, ठेवतो. आई, तब्येत सांभाळ." आणि फोन बंद झाला.

नोलबेर्तो काठ्या हातात घेऊन तसाच उभा. इतके महिने आकड्यांत डोकं घालून त्यानं जे बनवलं, ते भावाला बोलवायला बनवलं होतं. आणि त्या यंत्रानंच त्याला कायमचं मोकळं केलं. सबंध जगात बुल्मारोचा हात ओळखणारी दोनच माणसं उरली होती, आणि त्यांत बुल्मारो नव्हता.

"का नाही सांगितलंस?" आईनं विचारलं.

"काय सांगू, आई? हा तुझाच हात आहे आणि तुला तो ओळखू येत नाही, असं सांगू? लाजेनं मेला असता तो."

"लाजला असता. मग?"

"मग लाजेनं आला असता. उपकार केल्यासारखा येऊन उभा राहिला असता. तसा नको होता मला. मला वाटलं, तो ऐकेल, आणि त्याला स्वतःलाच..."

"तुला नको होता!" दोन्या तोमासा ताडकन उठली. इतक्या वर्षांत नोलबेर्तोनं तिचा आवाज असा चढलेला ऐकला नव्हता. "तुला कसा हवा, तातना कसा हवा, तेच बघितलं तुम्ही दोघांनी! मला विचारलंत कधी? मला तो कसाही चालतो. लाजून येऊ दे, भांडून येऊ दे, काठ्या कशा धरायच्या ते विसरून येऊ दे. दारात उभा राहू दे मेला! तुझा बाप जागा राखत बसला आणि पोरगा घालवला. तू पण त्याच्याच वळणावर. एवढं वाजवून दाखवलंस, पण तोंडानं एक शब्द बोललास का, की बाबा रे, ये? तात बोलले? मी तरी बोलले का? तो म्हणायचा पुढच्या वर्षी आणि मी म्हणायची हो रे बाळा. मला वाटायचं, तिकडं त्याचा संसार आहे, कशाला गळ घालायची. घरातून कुणी त्याला 'ये' म्हटलंच नाही रे. आपण म्हणत नाही म्हणून तो येत नाही, असं असलं तर?"

भाऊ गेला त्या दिवसापासूनचे सगळे फोन नोलबेर्तो मनात चाचपून बघत होता. पैसे पोचले. पाऊस झाला. गाय व्याली. तात गेले. 'ये' कुठंच सापडेना.

"लाव तो फोन," आई म्हणाली. "आणि ते यंत्र तयार ठेव."

त्यानं नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. पलीकडं बराच वेळ घंटी वाजली. मग बुल्मारो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "काय झालं? आई, काय झालं?"

"काही झालेलं नाही. नीट ऐक. घरातली मोठी आता मी आहे, आणि तू दिलेली जागा मी घेतलेली नाही. परत लावतेय ते गाणं. उजव्या टोकाला कोण आहे ते मला सांग." तिनं नोलबेर्तोला मानेनं खूण केली, आणि तो बटणाकडं वळला तरी ती बोलतच होती. "ओळखलंस तर ये. बायकोला, पोरीला घेऊन ये. आणि बुल्मारो, नाही ओळखलंस, तरी ये."